शेवटच्या शंभर पावलांचा हिशेब

सुरतहून निघालेलं साडीचं पार्सल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंदूरला पोचतं. रात्री देवास नाक्याच्या मोठ्या गोदामात उतरतं, पहाटे टेम्पोने आमच्याकडे येतं. इथवर सगळं वेळच्या वेळी होतं. मग आमच्या गोदामापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, लोकमान्य नगरातल्या एका घरी पोचायला तेच पार्सल संध्याकाळ करतं. कधी दोन दिवस घेतं, तर कधी पोचतच नाही आणि जसं आलं तसं सुरतेला परत जातं.

इंदूरच्या पश्चिम भागात मी एका कुरियर कंपनीची डिलिव्हरी फ्रँचायझी चालवते. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर, अन्नपूर्णा, उषा नगर, सुदामा नगर, गुमास्ता नगर हा आमचा पट्टा. होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेली मराठी घरं या भागात भरपूर आहेत, त्यामुळे दारावर ‘कोण आहे?’ आणि ‘कौन है?’ दोन्ही ऐकू येतं. या धंद्यात ज्याला लास्ट माइल म्हणतात तो गोदामापासून ग्राहकाच्या दारापर्यंतचा तुकडा नीट बसवायला आम्ही काय काय केलं, ते सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. या कामाबद्दल जे वाचायला मिळतं ते मोठ्या कंपन्यांच्या अंगाने लिहिलेलं असतं. दहा-बारा रायडर आणि एक शटर असलेल्या माणसाला त्यातलं फार थोडं कामाला येतं.

आधी पैशाची बाजू. आमच्या करारात पार्सल ग्राहकाच्या हातात पडलं तरच पैसे मिळतात. दार बंद मिळालं, फोन उचलला नाही, पत्ता सापडला नाही, तर त्या फेरीचं पेट्रोल आणि रायडरचा वेळ आमच्या अंगावर. दुसऱ्या दिवशी तेच पार्सल पुन्हा न्यायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एवढं करून परत गेलं की त्याला आरटीओचा, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’चा शिक्का. कॅश ऑन डिलिव्हरीच्या पार्सलांत हे सगळ्यात जास्त, कारण पैसे आधी दिलेले नसले की घेणाऱ्याचं मन सहज बदलतं. कंपनीच्या बैठकांमध्ये यावर ठरलेला उपाय मिळायचा: रायडर वाढवा, गाड्या लवकर काढा, मुलांना पळवा. मला तो कधीच पटला नाही. मुलांना पळवलं की ती सिग्नल तोडतात आणि पडतात, आणि घरी त्यांचीही कुणी वाट बघत असतं. म्हणून वेळ नेमका कुठे जातो ते आधी डोळ्यांनी बघायचं मी ठरवलं. रायडरांच्या मागे गाडीवर बसायचं, हातात वही आणि घड्याळ.

त्या फेऱ्यांतून जे दिसलं त्याने पुढचं सगळं काम ठरलं. गाडी चालू असण्याचा वेळ एकूण वेळाच्या निम्म्याहूनही कमी भरत होता. बाकीचा वेळ गाडी उभी असायची आणि रायडर तिच्याशेजारी. पिशवीत तळाशी गेलेलं पार्सल शोधत. गल्लीच्या तोंडाशी फोन लावत. घर क्रमांक विचारत. सोसायटीच्या गेटवर रजिस्टरात नाव लिहीत. सुटे पैसे नाहीत म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जात. गाडीचा वेग दुप्पट केला असता तरी ह्यातलं एक मिनिट कमी झालं नसतं.

एका फेरीत वैशाली नगरातल्या दुसऱ्या मजल्यावर एक आजी दार उघडून उभ्या होत्या. पुण्यातल्या मुलाने त्यांच्यासाठी ब्लड प्रेशर मोजायचं यंत्र मागवलं होतं. रायडरने ओटीपी विचारला. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर, मुलगा मीटिंगमध्ये. आजींनी लावलेला फोन तो कट करत होता, रायडरचा अनोळखी नंबर उचलत नव्हता. आजी म्हणाल्या, “अरे बाळा, मी इथे उभी आहे ना तुझ्यासमोर, मग त्याला कशाला विचारतोस?” त्यांनी रायडरला पाणी आणून दिलं, तेही तो प्यायला. शेवटी पार्सल घेऊन खाली उतरावं लागलं, कारण ओटीपीशिवाय रायडरच्या यंत्रात नोंद पुढे सरकत नाही. आमच्या पट्ट्यात अशी घरं किती असतील याची कल्पना इंदूरकरांना असेल. मुलं पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत, आईवडील इथे. ऑर्डर तिकडून, दार इकडे.

यावरचा उपाय फार साधा निघाला. पार्सल ‘आउट फॉर डिलिव्हरी’ झालं की ऑर्डर करणाऱ्याच्या फोनवर ओटीपी सकाळीच येऊन पडलेला असतो. आम्ही त्याच वेळी त्या नंबरवर एक निरोप पाठवायला लागलो: “आज 11 ते 1 च्या दरम्यान पार्सल येईल. घरी दुसरं कोणी घेणार असेल तर कोड त्यांना आत्ताच कळवून ठेवा.” मराठी आडनाव दिसलं तर मराठीत, नाहीतर हिंदीत. पुष्कळ जण लगेच उत्तर देतात. काही जण ‘आज घरी कोणी नाही, उद्या आणा’ असंही कळवतात, आणि ते उत्तर तर आमच्यासाठी सोन्यासारखं, कारण ते पार्सल त्या दिवशी पिशवीत भरलंच जात नाही.

पत्त्याचा प्रश्न मात्र निरोपाने सुटत नाही. आपण पत्त्याखाली जो पिनकोड लिहितो तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. कोकणातले, डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, संस्कृतचे पंडित आणि कवी. सारखी गावनावं, वेगवेगळ्या लिप्या आणि वाचता न येणारी अक्षरं यांतून पत्र सुखरूप पोचवायला त्यांनी सहा आकडे दिले. 452012 मधला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग, 452 म्हणजे इंदूर, आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या डाकघराचे. पन्नास वर्षांनंतरही आमच्या गोदामातली पहिली विभागणी याच आकड्यांवर होते, आणि मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. पण पिनकोड डाकघरापाशी थांबतो. त्यापुढचं पोस्टमनच्या डोक्यात असायचं. वीस वर्षं एकच बीट चालणाऱ्या पोस्टमनला पत्ता वाचायचीसुद्धा गरज नसे. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी मुलगा बदलतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या डोक्यातला नकाशाही निघून जातो.

त्यात पत्ते कसे असतात? ‘हनुमान मंदिराच्या मागे.’ आमच्या भागात हनुमान मंदिर नसलेली गल्ली शोधावी लागेल. ‘पाण्याच्या टाकीजवळ.’ ‘जोशी सरांच्या समोर.’ जुन्या कॉलन्यांमध्ये प्लॉट जसे वाटले गेले तसे क्रमांक पडले, त्यामुळे एका क्रमांकाशेजारी पुढचाच क्रमांक असेल याची खात्री नाही. आमच्याकडचे सगळ्यात जुने रायडर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते एकदा म्हणाले, “दीदी, घर तो मिल जाता है, दरवाज़ा नहीं मिलता.” अगदी खरं होतं ते. घराचा नंबर पुढच्या गल्लीत लागतो, पण भाडेकरूचा जिना मागच्या गल्लीतून. नकाशावरची खूण छपराच्या मधोमध पडते आणि मुलगा चुकीच्या बाजूला उभा राहून फोन लावत बसतो.

आम्ही रूटिंगचं ॲप वापरून पाहिलं होतं. सगळे पत्ते टाकायचे, ते क्रम लावून देतं. वाईट नव्हतं, पण ते नकाशाला विचारतं, आणि नकाशाला कॉलनीचं मागचं लोखंडी गेट कुलूपबंद असतं हे ठाऊक नाही. इंदूर-महू रेल्वे आमच्या पट्ट्याच्या मधून जाते. रुळांच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर अंतराच्या हिशेबात अगदी शेजारी दिसतात, प्रत्यक्षात पुलावरून फिरून यावं लागतं. शिवाय ॲपसाठी नकाशावरची खूण बरोबर असावी लागते. आमचे निम्मे पत्ते ‘मंदिराच्या मागे’ असताना ती खूण कुठली पडणार? चुकीच्या खुणांचा उत्तम क्रम मिळून उपयोग नाही.

माझा भाचा इथल्याच एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. तो दिवाळीच्या सुट्टीत गोदामात येऊन बसायचा. त्याने मला या गणिताचा आवाका सांगितला. फक्त 12 घरं असली तरी ती कोणत्या क्रमाने घ्यायची याचे 47 कोटी 90 लाखांवर पर्याय होतात. गाड्यांनी फेऱ्या कशा माराव्यात हा प्रश्न डँट्झिग आणि रॅमसर यांनी 1959 मध्ये पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी मांडला, आणि अजून त्यावर संशोधन चालूच आहे. पण त्यानेच एक दुसरी गोष्ट सांगितली आणि तिने मला रस्ता दाखवला. अमेरिकेत अटलांटा शहरात घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्ध आणि आजारी लोकांना रोज गरम जेवण पोचवणारी सेवा होती. त्यांच्याकडे संगणक नव्हता, घेणाऱ्यांची यादी सारखी बदलायची. जॉर्जिया टेकमधल्या बार्थोल्डी आणि प्लाट्झमन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना कार्डांची पेटी करून दिली. सगळ्या शहरातून न तुटता फिरणारी एक वळणावळणाची रेषा कल्पून प्रत्येक पत्त्याला त्या रेषेवरचा एक आकडा दिला. नवीन माणूस आला की त्याचं कार्ड आकड्याच्या जागी खोचायचं, माणूस कमी झाला की काढायचं, आणि उरलेली कार्डं त्याच क्रमाने वाटप करणाऱ्यांत वाटून द्यायची. हा मार्ग सर्वांत उत्तम मार्गापेक्षा सरासरी चौथाईने लांब निघतो. पण तो रोज नव्याने काढावा लागत नाही, आणि कोणालाही समजतो.

म्हणजे प्रत्येक दाराला एक कायमचा क्रमांक हवा. ती रेषा आमच्या गल्ल्यांमधून कशी न्यायची, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर रोज सकाळी आमच्या दारावरून गाणं वाजवत जात होतं.

इंदूर 2017 पासून सलग स्वच्छतेत पहिलं येतंय ते घरोघरी येणाऱ्या कचरागाडीच्या जिवावर. 85 वॉर्डांत रोज गाडी फिरते आणि प्रत्येक दारापाशी जाते. आमच्या भागातल्या गाडीवरच्या मदतनीस ताईंशी ओळख काढली आणि त्यांच्या मागेमागे स्कूटरवरून फिरले. गाडी कुठल्या तोंडाने गल्लीत शिरते, कुठे उलटी घ्यावी लागते म्हणून आत जातच नाही, कुठल्या बोळात ताई पायी जाऊन हाक मारून येतात, कुठली दोन घरं एकाच जिन्यावर आहेत, सगळं त्यांच्या पायांत बसलेलं होतं. रोजच्या अनुभवाने घासून घासून तो मार्ग इतका नेटका झालेला की मला त्यात एकही वळण फुकट दिसलं नाही. मी विचारलं, “या बोळात आधी का नाही शिरत?” त्या म्हणाल्या, “अभी गए तो स्कूल की वैन सामने आती है.” हे कुठल्या नकाशात मिळणार?

कचरागाडीला प्रत्येक घर घ्यावं लागतं आणि आम्हाला काहीच घरं, हा फरक आहे खरा. पण दाट वस्तीत रोज जवळजवळ प्रत्येक गल्लीत एखादं तरी पार्सल असतंच. मग गल्ल्यांचा क्रम तोच ठेवायचा, पार्सल नसलेली दारं ओलांडून पुढे जायचं. आम्ही त्या गाडीचा मार्ग पायाभूत धरून आमच्या पट्ट्याचा क्रम लिहायला घेतला. गल्लीला अक्षर, दाराला आकडा. आकड्यांमध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडली, कारण रिकाम्या प्लॉटवर उद्या घर होणार. काका आणि इतर जुने रायडर संध्याकाळी बसायचे, मी लिहायचे. एकाच दाराबद्दल दोघांचं जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊन बघून यायचं. काम किचकट होतं, पण त्या संध्याकाळी मुलांच्या चेहऱ्यावर जी चमक यायची ती मी विसरणार नाही. आपल्याला जे माहीत आहे ते कुणीतरी पहिल्यांदा विचारतंय, लिहून घेतंय, याचा तो आनंद होता.

जास्तीची वळणंही या क्रमातून काढली. अमेरिकेत पार्सलं पोचवणारी यूपीएस कंपनी आपल्या गाड्यांना डावं वळण शक्यतो टाळायला लावते, कारण तिथे उजव्या बाजूने वाहन चालतं आणि डावीकडे वळायला समोरची रांग ओलांडावी लागते. आपल्याकडे तेच उजव्या वळणाला लागू. महू नाका किंवा फूटी कोठी चौकात उजवीकडे वळायला सकाळी किती थांबावं लागतं ते तिथून जाणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे फेरी अशी बसवली की मोठ्या चौकांत डावीकडेच वळायचं आणि उजवं वळण आतल्या शांत रस्त्यावर उरकायचं.

आता सकाळची पद्धत अशी. टेम्पो आला की पार्सलं स्कॅन होतात. टेबलावर बसलेली मुलगी पत्ता वाचून यादीतून दाराचा क्रमांक काढते आणि जाड मार्करने पार्सलावर लिहिते. ओळखीच्या पत्त्याला दोन सेकंद लागतात. मग क्रमाने रांग. रांगेचे तुकडे पाडून रायडरांना वाटून द्यायचे. लोड जास्त असला तर तुकडे लहान, रायडर कमी आले तर तुकडे मोठे, क्रम मात्र तोच. पिशवी भरताना शेवटचं दार तळाशी आणि पहिलं दार वर. हे शेवटचं वाक्य वाचायला किरकोळ वाटेल, पण रस्त्यात गाडी लावून पिशवी उपसण्याचा वेळ त्याने जवळपास संपला. मोठा आकडा वर दिसला की काहीतरी मागे राहिलं, हे रायडरला लगेच कळतं. नवीन मुलगा पहिल्याच आठवड्यात जुन्याइतका सराईत चालतो.

क्रमांकाबरोबर आम्ही दाराची टीप ठेवतो. ‘बेल बंद, कडी वाजवा.’ ‘जिना मागच्या गल्लीतून.’ ‘कुत्रा बांधलेला नसतो, बाहेरून हाक द्या.’ ‘दुपारी दीड ते चार नको.’ ‘गुडघ्यांचा त्रास, वर जाऊन द्या.’ माणसाबद्दल काही लिहायचं नाही हा नियम मी पहिल्या दिवसापासून घातला. कोण काय मागवतं, घरात कोण एकटं असतं, पैसे कसे देतात, यातलं अक्षर यादीत येता कामा नये. लोक आपल्याला दारापर्यंत येऊ देतात, त्या विश्वासाला धक्का लागला तर कितीही वेळ वाचून काय कामाचा?

आणि आता सगळ्यात कळीचा मुद्दा, रायडरचा पैसा. आमच्या धंद्यात रायडरला पार्सलमागे पैसे मिळतात. दिलं तर मिळतात, नाही दिलं तर काही नाही. आता उन्हात तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार बंद मिळण्याची शक्यता दिसत असेल, तर तो वर का चढेल? खालूनच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून पुढे जाईल. ग्राहक घरात वाट बघत बसलेला, आणि त्याच्या मोबाइलवर ‘आम्ही येऊन गेलो’ असा निरोप. हे अनुभवलं नाही असा माणूस मला भेटलेला नाही. लोक त्या मुलाला शिव्या देतात. मला वाटतं, ज्या हिशेबाने तो मुलगा खाली थांबतो तो हिशेब बदलायला हवा. आम्ही दारापर्यंत जाऊन केलेल्या खऱ्या प्रयत्नाचेही थोडे पैसे द्यायला लागलो. दाराचा फोटो आणि टीप आणली की ते पैसे. नवीन दाराची टीप आणणाऱ्याला वेगळे. हा पैसा कुठून आणला? वाचलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या पेट्रोलातून. सुरुवातीचे महिने हात आखडता होता, पण खोटे शेरे जसे कमी झाले तसा तो खर्च भरून निघाला. रायडर टिकायला लागले हा त्याहून मोठा फायदा.

वेळेचंही तसंच. मे महिन्यात इंदूरचा पारा 42-43 पर्यंत जातो. तेव्हा फेरी सकाळी लवकर काढून दुपार मोकळी ठेवतो आणि उरलेलं संध्याकाळी. दुकानं अकराच्या आत उघडत नाहीत, तर ती शेवटच्या तुकड्यात. भंवरकुआँच्या बाजूचा थोडा भाग आमच्याकडे येतो, तिथे कोचिंगची मुलं हॉस्टेलांत राहतात. दिवसभर सगळी क्लासमध्ये. तिथे दुपारी जाणं म्हणजे जिने मोजणं. आता ती सगळी पार्सलं संध्याकाळी सातनंतर एकाच खेपेत जातात, खाली गाडी उभी राहते आणि मुलं स्वतः उतरून येतात.

काही गल्ल्यांमध्ये किराणा दुकानदारांशी बोलून ठेवलंय. ग्राहकाने निरोपाला ‘दुकानात ठेवा’ असं उत्तर दिलं तर पार्सल तिथे, दुकानदाराला प्रत्येकी थोडे पैसे. लोकमान्य नगरातल्या एका काकूंनी तर दुकानात त्यासाठी वेगळा कप्पाच करून घेतला. न्यायला येणारा माणूस दूध-ब्रेडही घेऊन जातो, म्हणून त्यांनाही ते परवडतं. ग्राहकाने स्वतः सांगितल्याशिवाय मात्र तिथे एकही पार्सल ठेवायचं नाही. सुट्या पैशांचा त्रास यूपीआयने बराच कमी केला. तरी जुन्या पिढीला नोटाच लागतात, म्हणून प्रत्येक रायडरला सकाळी दहा-वीसच्या नोटांचं पाकीट देतो.

सणावारांचे दिवस वेगळे धरावे लागतात. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी जुन्या शहराकडे गाडी काढायचीच नाही. आमच्या पट्ट्यात त्याहून महत्त्वाची रणजीत अष्टमी. रणजीत हनुमानाची प्रभातफेरी पहाटे निघते आणि सकाळी रस्ते माणसांनी भरून वाहतात. ही तिथी इथल्या पंचांगात पौष कृष्ण अष्टमी, आपल्या मराठी पंचांगात मार्गशीर्ष वद्य अष्टमी. त्यामुळे गोदामात दोन्ही पंचांगं टांगली आहेत. त्या दिवशी आदल्या रात्रीच ग्राहकांना कळवतो की पार्सल दुपारनंतर येईल. कोणी कुरकुर करत नाही, कारण तेही दर्शनालाच गेलेले असतात.

सरकारी बाजूनेही हालचाल चालू आहे आणि ती मला आशेची वाटते. डाक विभागाने मे 2025 मध्ये डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं एनआरएससी हे दूरसंवेदन केंद्र यांच्या मदतीने सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत विभागला आणि प्रत्येक चौकटीला दहा अक्षरांचा संकेत दिला. इंदूर महापालिकेनेही 2025 मध्ये घरांवर क्यूआर कोडच्या पाट्या लावायला सुदामा नगर भागातून सुरुवात केली. वेलणकरांचा आकडा डाकघरापाशी थांबायचा, हा संकेत फाटकापर्यंत येतो. आम्ही आमच्या यादीत दाराच्या क्रमांकाशेजारी डिजिपिन लिहायला लागलोय, आणि तो घराच्या छपरावर उभं राहून नाही, जिथे गाडी लावायची तिथे उभं राहून घेतो. मजला मात्र त्यात येत नाही. एकाच चौकटीवर तळमजल्याचे काका आणि तिसऱ्या मजल्याचे भाडेकरू दोन्ही असतात, म्हणून टीप लागतेच.

हे सगळं बसल्यावर काय बदललं? पूर्वी रायडर दिवेलागणीला दमून यायचे, आता बहुतेक दिवशी चहाच्या वेळेपर्यंत मोकळे होतात आणि काही जण संध्याकाळची खेप जास्तीची घेतात. पेट्रोल कमी लागतं. फेरीचं अंतर ठरलेलं असल्याने दोघांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतल्या, कारण रात्रीचं एक चार्जिंग दिवसभर पुरेल याचा भरवसा आहे. परत जाणाऱ्या पार्सलांचा ढीग पूर्वी शटरपर्यंत यायचा, आता एका रॅकमध्ये मावतो. माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट ही की या काळात घाईमुळे कुणी पडलं नाही.

सध्या राऊकडच्या नव्या टाऊनशिपांचं काम हाती घेतलंय. तिथे गल्ली नाही, हनुमान मंदिर नाही, क्रमांक स्पष्ट आहेत, तरी वेळ जातोच: गेटवर नोंद, ॲपवरून परवानगी, मग लिफ्टची वाट. एका टाऊनशिपच्या व्यवस्थापक समितीशी बोलणी चालू आहेत की आमच्या रायडरांना कायमचा पास द्यावा आणि पार्सलं टॉवरवार लावून एकाच खेपेत वर न्यावीत, सर्वांत वरच्या मजल्यापासून खाली उतरत. काका तिथे दोनदा जाऊन आलेत. कुठली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते आणि कुठली नाही, हे त्यांनी लिहून आणलंय.